फ्रँकफुर्टची तेरा महिन्यांची संसद (१८४८-४९) आणि तिच्यातली माणसं

पिंपळपार (धागाकर्ता)

३० सप्टेंबर १८६२ला बिस्मार्क प्रशियाच्या विधिमंडळाच्या अंदाजपत्रक समितीसमोर म्हणाला की काळाचे मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमताच्या ठरावांनी सुटत नसतात, १८४८-४९ची घोडचूक हीच होती. ते सुटतात लोखंडाने आणि रक्ताने. यातलं लोखंड आणि रक्त सगळ्यांना पाठ आहे. मधला १८४८चा टोमणा कुणाला आठवत नाही. तो होता फ्रँकफुर्टच्या संसदेला. 'गप्पिष्ट प्राध्यापकांची संसद' हा शिक्का तिच्या कपाळी पक्का बसला तो अशाच टोमण्यांनी. सध्या या संसदेबद्दल जमेल तसं वाचतोय, आणि जितकं वाचतो तितकं वाटतं की हा शेरा जिंकलेल्या बाजूचा आहे. आपण तो जसाच्या तसा उचललाय.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. नेपोलियन गेल्यावर १८१५ साली जर्मन प्रदेशात एकोणचाळीसेक संस्थानांचा सैलसर संघ उरला. ऑस्ट्रिया आणि प्रशिया हे त्यातले दोन दादा. फेब्रुवारी १८४८मध्ये पॅरिसचा राजा पळाला, १३ मार्चला व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख याला खुर्ची सोडावी लागली, १८ मार्चला बर्लिनच्या रस्त्यांवर लढाई जुंपली. राजेमंडळी हादरली आणि अखंड जर्मनीची राज्यघटना लिहिणाऱ्या संसदेच्या निवडणुकांना हो म्हणाली. ५० हजार लोकवस्तीमागे एक प्रतिनिधी असं सूत्र ठरलं. १८ मे १८४८ला पाउल्सकिर्शे या चर्चमध्ये पहिली बैठक भरली.

चर्च अशासाठी की एवढी माणसं मावेल अशी ऐसपैस आणि त्या मानाने नवी वास्तू गावात तीच. इमारत लंबगोल. ऑर्गनसमोर फिलिप फाइटने रंगवलेलं जर्मानियाचं (म्हणजे स्त्रीरूपातल्या जर्मनीचं) भलंमोठं चित्र: एका हातात तलवार, दुसऱ्यात काळा-लाल-सोनेरी झेंडा, पायाशी तुटलेल्या बेड्या. वर सज्जात हजार-दोन हजार प्रेक्षक. आवाज इतका घुमायचा की मागच्यांना धड ऐकू यायचं नाही, आणि सज्जातली मंडळी टाळ्या-शिट्ट्यांनी उरलंसुरलं भाषण बुडवायची.

आत कोण होतं? परीकथावाले याकोब ग्रिम होते. त्यांना व्यासपीठासमोर मधल्या वाटेवर स्वतंत्र आसन दिलेलं, म्हणजे ना डावे ना उजवे. कवी लुडविग ऊलांड होते. जर्मनभर व्यायामशाळांची चळवळ उभी करणारे लांब दाढीचे म्हातारे यान होते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोग्ट होते. इतिहासकार तर पैशाला पासरी: डालमान, ड्रॉयसेन, वाइट्स, गेर्विनुस. पुढे माइन्त्सचे बिशप झालेले केटेलरही होते. अध्यक्ष हाइनरिश फॉन गागर्न, धिप्पाड, भारदस्त आवाजाचे. डिसेंबरपासून एदुआर्द सिमसन.

ही माणसं खरंच नुसती बडबडत होती का? जाणकारांनी भर घालावी.

चकली

मस्त धागा. मुलीच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग आहे म्हणून लगेच उघडला. तिथे ८३१ प्रतिनिधी मिरवणुकीने चर्चमध्ये गेले असं छापलंय. खरंच एवढे होते?

पिंपळपार

मिरवणूक खरी. घंटा, तोफा, झेंडे, सगळा थाट. पण त्या दिवशी हजर होते साधारण ३३०. बाकीचे वाटेत, काहींच्या निवडणुकाही उरकायच्या होत्या. बदली सभासद धरून वर्षभरात आठशेच्या वर माणसं त्या बाकांवर बसून गेली. एका वेळी साधारण चार-पाचशे असत. शिवाय बोहेमियातल्या चेक मतदारसंघांनी बहिष्कारच टाकला होता. इतिहासकार पालात्स्की यांना तयारीच्या समितीचं बोलावणं गेलं, तर त्यांनी ११ एप्रिलला पत्र पाठवून कळवलं की मी स्लाव्ह वंशाचा चेक आहे, तुमच्या राष्ट्रात माझं काय काम? त्याच पत्रात पुढे म्हणतात की ऑस्ट्रियाचं साम्राज्य नसतं तर ते निर्माण करावं लागलं असतं.

मागचा बाक

सगळं छान, पण मुद्द्याचं बोलू. तुम्हीच वर पाच प्राध्यापक मोजून दाखवलेत आणि वर विचारताय की 'प्राध्यापकांची संसद' का म्हणतात!

पिंपळपार

बोलकी नावं त्यांची आहेत, म्हणून तीच डोळ्यांत भरतात. विद्यापीठातले प्राध्यापक आठशेत जेमतेम पन्नासेक. खरा भरणा न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि वकिलांचा. शिकलेल्यांची संसद म्हणा, हरकत नाही. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक विद्यापीठाची पायरी चढलेले. कारागीर चार, शेतकरी एक, गिरणी कामगार एकही नाही. हा दोष मोठा आहे, पण तो 'बडबडे' या दोषाहून वेगळा.

काळा कोट

वकिलांवर घसरलात म्हणून येणं भाग आहे :)

या संसदेचं काम बघायचं तर मूलभूत हक्कांचा कायदा बघा, २७ डिसेंबर १८४८चा. कायद्यापुढे समानता, वृत्तपत्र स्वातंत्र्य, सभा-संघटना, घराची झडती घ्यायची तर न्यायाधीशाचा हुकूम, सरदारवर्गाचे विशेषाधिकार रद्द, लष्करी कायद्यासारखे अपवाद सोडता फाशीही रद्द. १८४८ साली! १९१९ची वायमार राज्यघटना आणि १९४९ची बॉनमधली, दोन्ही लिहिणाऱ्यांनी हा मसुदा समोर ठेवला होता.

दोन प्रसंग सांगतो. ग्रिम यांनी पहिलं कलम म्हणून सुचवलं होतं: जर्मन जनता ही मुक्त माणसांची जनता आहे, जर्मन भूमीला गुलामी सहन होत नाही, आणि बाहेरून कुणी गुलाम या भूमीवर आला तर ती त्याला मुक्त करते. थोडक्या मतांनी पडलं. कायद्याची भाषा नव्हे म्हणून पडलं असेल तर माझ्या व्यवसायबंधूंना नमस्कार.

दुसरा प्रसंग २९ ऑगस्टचा. श्टुटगार्टचे मोरित्स मोल (कामकाजाचे नियम आधीच लिहून आणणाऱ्या रॉबर्ट फॉन मोल यांचे भाऊ) यांनी सुचवलं की ज्यू लोकांसाठी वेगळे कायदे करायची मुभा ठेवा. गाब्रिएल रीसर उठले. हॅम्बुर्गचे कायदेपंडित, स्वतः ज्यू, आणि तेवढ्यासाठी वकिलीची सनद नाकारलेली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: अपवाद करून स्वातंत्र्याची सुरुवात करू नका, एकदा भोक पडलं की सगळा कायदा गळायला लागतो. दुरुस्ती पडली. हेच रीसर पुढे संसदेचे उपाध्यक्ष झाले, आणि १८६०मध्ये हॅम्बुर्गच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश. जर्मनीतले पहिले ज्यू न्यायाधीश.

माइनकाठी

फ्रँकफुर्टजवळ राहते, त्यामुळे थोडं स्थलवर्णन. आजची पाउल्सकिर्शे जुनी नाही. १८ मार्च १९४४च्या बाँबहल्ल्यात नुसत्या भिंती उरल्या होत्या. मे १९४८च्या शताब्दीला घाईघाईने उभी केली, तेही जर्मनीत छप्पर नसलेली घरं लाखांनी असताना. आतून अगदी साधी पांढरी, सज्जे गेले, जर्मानियाही नाही (ते चित्र न्युर्नबर्गच्या संग्रहालयात). खालच्या मजल्यावर मधोमध गोल भिंत आहे आणि तिच्यावर योहान्नेस ग्र्युट्स्केने रंगवलेली सभासदांची मिरवणूक. काळ्या कोटातली माणसं, दाटीवाटीने, बरीचशी दमलेली, एकही वीरपुरुषासारखा दिसत नाही. मला ते चित्र फार आवडतं. सोबत नेलेल्या पाहुण्यांना सहसा आवडत नाही.

आपल्याकडचा दुवा म्हणजे जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार इथेच देतात, आणि १९६१मध्ये तो राधाकृष्णन यांना मिळाला होता.

एक गंमत. तेव्हा पक्ष नव्हते, पण एका विचाराची मंडळी संध्याकाळी एका ठरावीक खाणावळीत जमायची, आणि गटांना त्या खाणावळींचीच नावं पडली. सगळ्यात उजवे 'कॅफे मिलानी', मवाळ उदारमतवादी 'कझिनो', डावे 'डॉइचर होफ', आणि अतिडावे 'डोनर्सबेर्ग'. 'वेस्टएंडहाले'वाल्यांना 'टेलकोट घातलेले डावे' म्हणत. उद्या कुणी कसं मत द्यायचं, कोण बोलणार, हे तिथेच बिअर पिता पिता ठरायचं. जर्मन पक्षपद्धतीचा पाळणा खाणावळीत हलला.

कोरडा पाऊस

सगळे आरती ओवाळताहेत म्हणून थोडा विरोधी सूर.

ही मंडळी उदारमतवादी होती ती स्वतःपुरती. जुलैमध्ये प्रशियाच्या ताब्यातल्या पोझेन प्रांताचा प्रश्न आला. तिथे बहुसंख्य पोलिश. मार्चमध्ये सगळे पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी गहिवरले होते, आणि चार महिन्यांत विल्हेल्म योर्डान नावाचा बर्लिनचा डावा सभासद उठून 'निरोगी राष्ट्रीय स्वार्थ' शिकवतो आणि प्रचंड बहुमताने पोझेनचा मोठा तुकडा जर्मनीत घेतला जातो. रॉबर्ट ब्लुमसारखे थोडे विरोधात. बिस्मार्कचं लोखंड आणि रक्त यांनाही चाललं असतं, फक्त हातात नव्हतं.

आणि सप्टेंबर? डॅनिश राजाच्या अमलाखालच्या श्लेसविग-होल्स्टाइन या प्रदेशांसाठी डेन्मार्कशी युद्ध चालू होतं, लढत होतं प्रशियाचं सैन्य. प्रशियाने संसदेला न विचारता २६ ऑगस्टला माल्म्योला युद्धबंदी केली. ५ सप्टेंबरला संसदेने १७ मतांनी ती धुडकावली. मंत्रिमंडळ गेलं. नवं कुणाला जमवता येईना. १६ सप्टेंबरला तीच युद्धबंदी २१ मतांनी मान्य! १८ला लोक चर्चवर चालून आले. मग यांनी काय केलं? माइन्त्सहून ऑस्ट्रिया-प्रशियाचंच सैन्य बोलावलं आणि आपल्याच मतदारांवर सोडलं. त्याच दिवशी जमावाने लिख्नोव्स्की आणि आउअर्सवाल्ड या दोन उजव्या सभासदांना शहराबाहेर गाठून ठार केलं. लिख्नोव्स्की एका माळ्याच्या तळघरात लपला होता, तिथून ओढून काढला. त्या दिवसापासून संसद राजांच्या संगिनींच्या आश्रयाला गेली ती गेलीच.

पिंपळपार

पोझेनबद्दल शंभर टक्के सहमत. सप्टेंबरबद्दल अर्धा सहमत. सैन्य बोलावणं ही चूक की नाइलाज यावर वाद घालता येईल, पण तुम्ही जे लिहिलंत त्यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. संसदेकडे स्वतःचा एक शिपाई नव्हता. जूनमध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक योहानला प्रशासक नेमलं (पोस्टमास्तरच्या मुलीशी लग्न केलेला राजपुत्र, त्यामुळे लोकांत प्रिय). मंत्रिमंडळ केलं; त्याचे पहिले पंतप्रधान लाइनिंगेन म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे सावत्र भाऊ. युद्धमंत्र्याने फर्मान काढलं की ६ ऑगस्टला सगळ्या संस्थानांच्या फौजांनी प्रशासकाला मानवंदना द्यावी. छोट्यांनी दिली. ऑस्ट्रिया आणि प्रशियाने जवळपास कानाडोळा केला. कर गोळा करायला माणूस नाही, हुकूम बजावायला तहसीलदार नाही. अशा संसदेत प्राध्यापकांऐवजी शंभर बिस्मार्क बसवले असते तरी काय दिवे लावले असते?

ब्लुमचं नाव निघालं आहे तर त्याच्याबद्दल लिहितोच. कोलोनमधल्या गरीब घरातला, लाइपझिगच्या नाट्यगृहात नोकरी करत करत पुढारी झालेला. आवाज असा की पाउल्सकिर्शेतही शेवटच्या बाकापर्यंत जायचा. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात पुन्हा उठाव झाला तेव्हा डाव्या गटांचा संदेश घेऊन फ्र्योबेल या सहकारी सभासदाबरोबर तिकडे गेला, आणि परतण्याऐवजी उठाववाल्यांच्या बाजूने लढायला उभा राहिला. सम्राटाचा सेनापती विंडिशग्रेट्स याने शहर घेतलं. ४ नोव्हेंबरला ब्लुमला पकडलं. संसदेने सप्टेंबरअखेर कायदा केला होता की सभासदाला तिच्या परवानगीवाचून अटक करता येणार नाही. ब्लुमने तो दाखवला. लष्करी न्यायालयाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ९ नोव्हेंबरला सकाळी ब्रिगिटेनाऊला गोळ्या घातल्या. बायकोला शेवटच्या पत्रात लिहितो की आपल्या, आता फक्त तुझ्या, मुलांना चांगली माणसं कर. फ्र्योबेलला माफी मिळाली. फ्रँकफुर्टमध्ये निषेधाचा ठराव झाला. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मागचा बाक

ब्लुमचं वाचून गप्प झालो होतो, पण पुन्हा मुद्द्यावर येतो. जुलैपासून डिसेंबरपर्यंत हक्कांवर खल केला. मे-जूनमध्ये राजे गलितगात्र होते, तेव्हाच सत्तेचं बघायला हवं होतं. लोखंड तापलेलं असताना हे लोक कलमं-पोटकलमं करत बसले. डिसेंबरपर्यंत व्हिएन्ना आणि बर्लिन दोन्ही राजांनी परत घेतलं. याला बडबड नाही तर काय म्हणायचं?

काळा कोट

अंशतः मान्य. पण लक्षात घ्या, हक्क आधी घेतले ते मुद्दाम. एकतर त्यावर एकमत सोपं वाटलं. दुसरं, सत्तेच्या प्रश्नाला हात घातला असता तर पहिल्याच महिन्यात संसद फुटली असती. ऑस्ट्रिया आत की बाहेर? आत घ्यायचं तर हंगेरी, क्रोएशिया, लोंबार्डी यांचं काय करायचं? बाहेर ठेवायचं तर लाखो जर्मन बाहेर. शेवटी तो पेच सोडवला ऑस्ट्रियाचा पंतप्रधान श्वार्झेनबर्ग याने. मार्च १८४९मध्ये त्याने अखंड ऑस्ट्रियाची राज्यघटना लादली आणि यांना दार बंद केलं.

शेवग्याचं झाड

पुढचा अंक मी सांगते, मला तो सगळ्यात नाट्यमय वाटतो.

२७ मार्च १८४९. सम्राटपद वंशपरंपरेने असावं का, यावर मतदान: २६७ विरुद्ध २६३. चार मतं! डाव्यांतल्या काहींना सार्वत्रिक मतदानाचं आश्वासन देऊन वळवलं तेव्हा कुठे जमलं. ऊलांड यांनी जानेवारीतच बजावलं होतं की लोकशाहीच्या तेलाचा भरपूर थेंब कपाळी लागल्याशिवाय जर्मनीवर कुठलंही मस्तक तळपणार नाही. २८ला प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म चौथ्याची निवड: २९० मतं बाजूने, २४८ जणांनी मतच दिलं नाही. ही बातमी सीमेन्सच्या नव्याकोऱ्या तारेवरून तासाभरात बर्लिनला पोचली.

बातमी तासात पोचली, शिष्टमंडळ ३ एप्रिलला राजासमोर उभं राहिलं. सिमसन पुढे, सोबत रीसर वगैरे. राजा गोड बोलला, आभार मानले, आणि म्हणाला की बाकी राजे आणि स्वतंत्र शहरं यांच्या संमतीशिवाय मी हे स्वीकारू शकत नाही. खाजगीत त्याचं मत महिन्यांपूर्वीच ठरलेलं होतं: आपले दूत बुन्सेन यांना लिहिलेल्या पत्रात हा मुकुट म्हणजे चिखलमातीचा, क्रांतीच्या दुर्गंधीने माखलेला, अशी संभावना आहे.

आता पुढचं ऐका. १८ डिसेंबर १८७०, व्हर्साय. सम्राटपद स्वीकारा अशी विनंती घेऊन संसदेचं शिष्टमंडळ प्रशियाच्या राजासमोर येतं. राजा आता विल्हेल्म पहिला, चौथ्याचा धाकटा भाऊ. आणि शिष्टमंडळाच्या पुढे? हेच सिमसन! या वेळी होकार आला, पण आधी राजेरजवाड्यांचं आमंत्रण हातात पडल्यावर. एकवीस वर्षांनी तोच माणूस, तीच विनंती, दुसरा भाऊ. नाटकात घातलं तर लोक म्हणतील फारच जुळवून आणलंय.

कोरडा पाऊस

@शेवग्याचं झाड, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

सिमसन स्वतः क्योनिग्सबेर्गच्या ज्यू घरातले, लहानपणी बाप्तिस्मा झालेला. दोन्ही वेळा मुकुट घेऊन जाणारा माणूस तो असावा, हेही नोंदवण्यासारखं.

काळा कोट

शेवटही लिहून टाकतो. एप्रिलमध्ये २८ संस्थानांनी राज्यघटना मान्य केली, ही गोष्ट सगळे विसरतात. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर नाही म्हणाले. ऑस्ट्रियाने आपले सभासद परत बोलावले, मेमध्ये प्रशियानेही. राज्यघटना मान्य करा म्हणून ड्रेसडेन, फाल्त्स आणि बाडेनमध्ये लोक हत्यारं घेऊन उठले. फ्रँकफुर्टमध्ये उरलेल्यांनी ३० मेला ठराव करून श्टुटगार्टला जायचं ठरवलं. जेमतेम शंभर माणसं.

तिथल्या सरकारचा प्रमुख र्योमर, तोही याच संसदेचा सभासद! त्यानेच १८ जूनला सैन्य लावून सभागृह बंद केलं. बसायची जागा म्हणजे एक अश्वारोहण शाळा, तिच्यातली बाकं-व्यासपीठ आधीच फोडून टाकलेली. अध्यक्ष ल्योव, त्यांच्या एका बाजूला ऊलांड, दुसऱ्या बाजूला शोट, मागे बाकीचे, असे चालत निघाले. ऊलांड तेव्हा बासष्ट वर्षांचे. घोडदळ रस्त्यात आडवं आलं आणि घोडे अंगावर घालून सगळ्यांना पांगवलं. गोळी चालली नाही.

ट्र्युट्श्लर नावाच्या सभासदाचं नशीब तेवढंही नव्हतं. बाडेनच्या उठावात सापडला, ऑगस्टमध्ये मानहाइमला गोळ्या घातल्या. कार्ल फोग्ट जिनिव्हाला निसटले, तिथे प्राध्यापकी केली आणि पुढे स्विस संसदेतही बसले.

मागचा बाक

ठीक आहे. 'बडबडे' मागे घेतो, 'उशीर केला' हे ठेवतो.

पिंपळपार

चालेल. सौदा मान्य :)

आणि बडबडीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती सगळी शब्दशः उपलब्ध आहे. फ्रांत्स विगार्ड या ड्रेसडेनच्या सभासदाने लघुलेखकांचा ताफा उभा करून प्रत्येक बैठक उतरवून घेतली, मध्येच आलेल्या 'वा वा', 'गप्प बसा' आणि हशांसकट. नऊ जाडजूड खंड. गॉथिक लिपीची सवय असेल तर वेळ जातो छान.

चकली

मुलीला धागा वाचून दाखवला. तिचा प्रश्न: सैन्य नव्हतं म्हणता, मग पुस्तकाबाहेरच्या एका व्हिडिओत या संसदेचं नौदल होतं असं का म्हणतात?

माइनकाठी

हुशार आहे पोरगी. होतं नौदल! डेन्मार्कने बंदरांची नाकेबंदी केली म्हणून संसदेने १४ जून १८४८ला ६० लाख टालर (तेव्हाचं चलन) मंजूर केले. जहाजं विकत घेतली, ग्रीक नौदलात काम केलेल्या ब्रोमी नावाच्या लाइपझिगकराला प्रमुख नेमलं. ४ जून १८४९ला हेल्गोलांडजवळ त्याची डॅनिश जहाजाशी चकमकही झाली. बेट तेव्हा ब्रिटिशांचं; त्यांनी इशाऱ्याच्या तोफा डागल्यावर ब्रोमी माघारी फिरला. तारीख बघा: ३० मेला संसद फ्रँकफुर्टमधून उठली, श्टुटगार्टला बसली ६ जूनला. म्हणजे चकमक झाली तेव्हा ज्या संसदेचा झेंडा फडकत होता तिचे सभासद दोन गावांच्या मध्ये कुठेतरी सामानसुमान घेऊन प्रवासात. पुढे जहाजांचा खर्च कुणी उचलेना, आणि १८५२पासून हानिबाल फिशर नावाच्या अधिकाऱ्याने ती लिलावात विकून टाकली.